आधी चिंधीवर

आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या गळ्यात मापाची फीत असते. ती लग्नाला जातानाही असते, दवाखान्यात जातानाही असते. एकदा डॉक्टर त्यांची छाती तपासत होते आणि ह्या डॉक्टरांच्या खांद्याकडे बघत होत्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, शर्ट कुणी शिवलाय देव जाणे, डावा खांदा पार उतरलाय. तब्येतीचं काय झालं ते मला त्यांच्याकडून नाही, गोळ्यांच्या पाकिटावरून कळलं.

आमचं दोघींचं शिलाईचं दुकान आहे. पुढे काउंटर, मागे कटिंगचं लांब टेबल, खिडकीपाशी तीन मशीन. त्या कापतात, मी शिवते. भांडण झालं तर मी मशीन जोरात चालवते आणि त्या कात्री जोरात आपटतात, की झालं. तोंडाने भांडायला दोघींनाही वेळ नसतो. तसं पाहिलं तर त्या मोठ्या आणि मी लहान, पण दुकानात बडबड माझी चालते आणि शब्द त्यांचा चालतो.

त्यांची दुसरी खोड म्हणजे छापलेलं काहीही शेवटपर्यंत वाचायचं. औषधाच्या बाटलीतला घडी घातलेला पातळ कागद जगात कुणी वाचत नाही, त्या वाचतात. इस्त्रीच्या खोक्यावर काय लिहिलंय, बसच्या तिकिटामागे काय लिहिलंय, सगळं त्यांना पाठ. शाळेत इंग्रजीत पहिल्या यायच्या म्हणे. बोलायला लाजतात, वाचायला अजिबात नाही. म्हणूनच त्यांच्या लेकीने स्वतःचा जुना लॅपटॉप पाठवला, तेव्हा सोबतचं माहितीपत्रकही त्यांनी आधी अथपासून इतिपर्यंत वाचलं आणि मगच झाकण उघडलं.

लेक परगावी असते. प्रोग्रॅमिंग करते. ती नक्की काय करते हे कळावं म्हणून थोरल्यांनी हट्टाने तिच्याकडून ते शिकायला घेतलं. आता पोरीच्या नोकरीचं काम वेगळं आणि आमच्या कापडाचा हिशेब वेगळा, पण ती हौसेने शिकवायला लागली. लॅपटॉपवर एक काळी खिडकी उघडायची. त्यात तीन बाण येतात. बाणांपुढे आपण काही लिहिलं की ती खिडकी लगेच उत्तर देते. मापाला नाव द्यायचं, की ते माप त्या नावाने लक्षात राहतं. नाव विचारलं की माप हजर. थोरल्यांना हे फारच पटलं. सांगितलेलं एका दमात लक्षात ठेवणारं कुणीतरी दुकानात आलं, हे त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. मी मशीन जोरात चालवलं.

मग रोजचे फोन सुरू झाले. कंस कुठे बंद करायचा, स्वल्पविराम कुठे द्यायचा, हे लाल काय आलं. मायलेकी एरवी फोनवर काय बोलायच्या? जेवलीस का, झोपलीस का, सर्दी गेली का. आता अर्धा अर्धा तास बोलत. थोरल्या फोन कानाशी खांद्याने दाबून कापड कापत आणि मधेच हसत. मला ऐकू यायचं ते सगळं अगम्यच, पण ऐकायला बरं वाटायचं.

एक दिवस पोरीच्या मागे काम असणार. ती म्हणाली, "आई, हेल्प म्हणून एक सोय असते त्यात. सगळं लिहिलेलं असतं. जरा वाचत जा ना." एवढंच. आवाजही चढला नव्हता, फोन स्पीकरवर होता म्हणून मला माहीत. पण थोरल्या नाकावर माशी बसू देत नाहीत. "बरं," म्हणाल्या, फोन ठेवला, आणि त्या दिवसापासून लेकीला एक शब्द विचारला नाही. बोलणं बंद नव्हतं हं. रविवारी फोन यायचा. जेवलीस का, झोपलीस का, सर्दी गेली का.

थोड्या दिवसांनी पोरीने मला फोनवर गाठलं. "काकू, आईने ते सोडलं का गं? काहीच विचारत नाही. मला वाटलं होतं, आमच्यात बोलायला काहीतरी झालं." मी म्हटलं, सोडलं कसलं, दुपारभर त्या खिडकीला चिकटलेल्या असतात. तिने "बरं" म्हणून फोन ठेवला. मला तिची दया आली आणि थोरल्यांचा राग आला. ते मी थोरल्यांना बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, तिला कामं असतात, मला वाचता येतं. पुढे बोलायची सोय नव्हती.

आणि खरंच वाचायच्या. हेल्प मागितली की ती खिडकी पानंच्या पानं काढून देते, पण सगळी एकदम नाही. एक पान दाखवते आणि खाली डाव्या कोपऱ्यात एकावर एक दोन टिंबं लुकलुकत थांबते. कीबोर्डवरची मधली लांब पट्टी दाबली की पुढचं पान. थोरल्या चष्मा लावून एकेक पान वाचत, पट्टी दाबत, वाचत, पट्टी दाबत. असं करत करत शेवटी 'संपलं' अशा अर्थाचा एक शब्द येतो. तो आला की पट्टी दाबा नाहीतर टेबल बडवा, काही होत नाही. पाहुणे निघतो निघतो म्हणतात आणि दारात चपला घालून गप्पा मारत उभे राहतात, तसं ते पान जागचं हलत नाही. मग थोरल्या काय करत? सगळी खिडकीच बंद करत. कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी, की खेळ खलास. मग नवीन खिडकी, नवे तीन बाण. मदत वाचून झाली की दुकान बंद करून पुन्हा उघडायचं, अशीच ह्या लोकांची पद्धत असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आत काही ठेवलेलं नसायचं, त्यामुळे बिघडतही नव्हतं.

मग बँडवाले आले.

गावचा वाजंत्री बँड, नवा गणवेश शिवायचा होता. कापड आलेलं, बटणं आलेली. बँडमास्तर म्हणाले, आज दुपारी सगळे वादक माप द्यायला येतील, संध्याकाळच्या बसने दौऱ्यावर जातील, आणि परततील ते थेट कार्यक्रमाच्या सकाळी. मधे घालून बघणं नाही, सैल करणं नाही, आवळणं नाही. माप चुकलं तर भर मैदानात सगळ्या गावासमोर चुकणार. आणि आमच्या दुकानाचं नाव त्या गणवेशाच्या कॉलरला आतून शिवलेलं असणार.

ती दुपार मी विसरणार नाही. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. ढोलवाल्याच्या पोटाला फीत पुरेना. बासरीवाला इतका हडकुळा की त्याला माप घेताना गुदगुल्या होऊन तो वाकायचा. मोठ्या तुताऱ्या वाजवणारे दोघे सख्खे भाऊ, एकाचे हात दुसऱ्यापेक्षा लांब, आणि माप कुणाचं आधी यावरून त्यांचं वाजलं. थोरल्या एकेकाला उभं करत, मापं घेत, आणि लगेच वळून काळ्या खिडकीत घालत. मी पेन्सिल आणि कागद घेऊन उभी होते. त्या म्हणाल्या, दोन दोनदा लिहायचं कशाला. मी कागद परत ठेवला. प्रत्येकाला नाव दिलं वाद्याचं. ढोल, बासरी, झांज. नाव इंग्रजी अक्षरांत, शब्द आपला.

सगळे गेले. थोरल्यांनी चहा घेतला, बोटं मोडली आणि म्हणाल्या, आता छातीच्या मापाने ह्यांना ओळीत लावू, म्हणजे कापड कमी वाया जाईल. ओळीत कसं लावायचं ते माहीत नव्हतं. लेकीला विचारायचं नव्हतं. तेव्हा त्यांनी हेल्प मागितली.

पानं आली. त्यांनी वाचली. हवं ते सापडलंही. खुशीत त्यांनी एकाचं छातीचं माप लिहिलं, चव्वेचाळीस, आणि एंटर दाबलं. तर उत्तर यायच्या जागी पानच सुर्रकन पुढे पळालं. पुन्हा आकडा लिहिला, पुन्हा पळालं. बाण नव्हतेच ना तिथे, ती दोन टिंबं होती. त्या वैतागल्या आणि सवयीने हात फुलीवर गेला.

आणि तिथेच थांबला. मी समोर बटणं निवडत होते, मी मान वर केली ती त्यांचा श्वास ऐकून. चेहरा पांढराफटक. म्हणाल्या, "अगं, मापं आत आहेत."

खिडकी मिटली की आतलं सगळं जातं, हे लेकीने पहिल्याच दिवशी सांगितलेलं, मलासुद्धा पाठ होतं. म्हणजे आतापर्यंत बाहेर पडायची जी एकच वाट ह्यांना माहीत होती, त्या वाटेने गेलं तर ढोलवाल्याच्या पोटापासून बासरीवाल्याच्या बरगड्यांपर्यंत सगळं साफ. आणि बस संध्याकाळची. माझ्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं, की आम्ही दोघी बसस्टँडवर धावतोय आणि प्रवाशांच्या गर्दीत मी ढोलवाल्याच्या कमरेभोवती फीत फिरवतेय.

त्यात त्या लॅपटॉपचं आणखी एक. त्याची बॅटरी कधीच मेलेली, आणि चार्जरची पिन सैल. वायर जरा हलली की सगळा काळोख. म्हणून मी बटणं टाकली आणि धावत जाऊन वायर धरून बसले. धरायचा एक कोन असतो, तो मला जमतो. पुढचं सगळं मी तशी वाकडी बसूनच पाहिलं.

मी म्हटलं, ताई, लेकीला फोन करा. एका मिनिटात सांगेल. त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, मग मी करते, माझा दुसरा हात मोकळा आहे. त्यांनी नुसतं बघितलं. मी मोकळा हात मांडीवर ठेवला. मनात म्हटलं, काय हा ताठा. गणवेश गेले, दुकानाचं नाव गेलं, तरी हिला पोरीसमोर कमी पडायचं नाही. राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण बघितलं तर त्या गळ्यातली फीत बोटाभोवती गुंडाळत होत्या, सोडत होत्या, आणि मापाशिवाय त्या फितीला हात लावताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग राग गेला.

"बस सुटायच्या तासभर आधीपर्यंत बघते," त्या म्हणाल्या. "नाही जमलं तर मीच करेन फोन. तू नाही."

मग त्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि एकदम दुकानदारीण झाल्या. आमच्याकडे नवीन मशीन आलं की पहिला टाका गिऱ्हाइकाच्या कापडावर कधीच पडत नाही. चिंधी घ्यायची. सगळ्या चाकांवर, सगळ्या खटक्यांवर हात फिरवायचा, काय होतं ते चिंधीवर बघायचं. फाटली तर चिंधी फाटेल. सासऱ्यांनी त्यांना शिकवलं, त्यांनी मला. थोरल्यांनी मापांची खिडकी तशीच राहू दिली आणि शेजारी दुसरी काळी खिडकी उघडली.

म्हणाल्या, ही चिंधी.

तीन बाण आले. आता चिंधीतही काहीतरी ठेवायला हवं, म्हणजे बाहेर पडल्यावर ते राहिलंय की गेलंय ते कळेल. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, नाही हं. पण मी वायर सोडू शकत नव्हते. त्यांनी गळ्यातली फीत काढली, बसल्या जागी माझ्या कमरेला गुंडाळली आणि मोठ्याने आकडा वाचत खिडकीत घातला. नाव दिलं 'कंबर'. आकडा इथे सांगायचं कारण नाही.

मग तीच हेल्प मागितली. तीच पानं, तीच दोन टिंबं. चिंधी अडकली. आणि थोरल्या एकेक कळ दाबायला लागल्या. काही दाबल्यावर नुसता टुण्ण आवाज यायचा. एकीने पान मागे गेलं. एकीने अर्धंच पान सरकलं. आकडा लिहून एंटर मारला की तेवढ्याच ओळी पुढे, हे त्यांनी मोजून पाहिलं आणि म्हणाल्या, अगं, हे तर मापाने चालतं. संकटातसुद्धा त्यांना मापाचं कौतुक. मी म्हटलं, ताई, माझा हात बधिर होतोय.

एक कळ दाबली आणि सगळं पानच बदललं. ती होती एच. नवीन पानावर कळांची यादीच होती, कुठली दाबली की काय होतं त्याची. मदत वाचायची कशी, ह्याचीसुद्धा मदत. आणि सगळ्यात खाली, उलट्या रंगात, पांढऱ्यावर काळं, लिहिलेलं होतं की पुढे वाचायचं तर एंटर दाबा, झालं असेल तर क्यू.

मी ओरडले, दाबा क्यू. आता कुठलाही शहाणा माणूस काय करेल? क्यू दाबेल. थोरल्या एंटर दाबून पुढे वाचायला लागल्या. शेवटपर्यंत. वायर धरून माझा खांदा उतरला, त्या डॉक्टरांच्या शर्टासारखा. मधेच त्या हसल्या आणि म्हणाल्या, हे बघ, एम दाबून एखादं अक्षर दाबलं की त्या जागी खूण राहते, मग कुठेही गेलं तरी तिथे परत येता येतं. खडूच की हा. मी म्हटलं, खडू नंतर, बस सुटेल.

वाचून संपल्यावर त्यांनी क्यू दाबला. यादी गेली. आणि पुन्हा तीच दोन टिंबं. त्यांनी पुन्हा क्यू दाबला.

तीन बाण.

थोरल्यांनी एका बोटाने 'कंबर' लिहिलं आणि एंटर दाबलं. खाली आकडा आला. माझी कंबर जशीच्या तशी होती. आयुष्यात पहिल्यांदा तो आकडा बघून मला आनंद झाला.

मग त्या खऱ्या खिडकीकडे वळल्या. बोट क्यूवर ठेवलं आणि दाबेनात. मी म्हटलं, चिंधीवर झालंय, ताई. त्यांनी दाबला. बाण आले. त्यांनी 'ढोल' लिहिलं. ढोलवाला आला, छाती, पोट, खांदा, बाही, सगळा. मग बासरी, मग झांज, मग दोघे भांडकुदळ भाऊ. प्रत्येक नावाला थोरल्या 'हं' म्हणत होत्या. शेवटच्या नावानंतर त्यांनी चष्मा काढून पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, घाम आला. मी म्हटलं, हो, आज उकडतंय. मग मी कागद-पेन्सिल पुढे केली आणि त्यांनी मुकाट्याने सगळी मापं उतरवून दिली.

गणवेश बसले. ढोलवाल्याचं मधलं बटण लागलं आणि कार्यक्रमभर टिकलं, ह्याहून मोठं प्रशस्तिपत्रक आमच्या धंद्यात नाही. बँडमास्तरांनी मैदानातून आमच्याकडे बघून काठी उंचावली. थोरल्यांनी लक्ष दिलं नाही, त्या झांजवाल्याच्या पाठीची शिवण बघत होत्या.

आता थोरल्या त्या पानांत अशा फिरतात जशा स्वतःच्या स्वयंपाकघरात. मागे, पुढे, खुणेवर, शोधून थेट हव्या त्या शब्दावर, आणि काम झालं की क्यू दाबून बाहेर. फुलीला हात लावत नाहीत. मला वाटलं, झालं, आता तर लेकीला विचारायला काही उरलंच नाही. पोरीचं ते 'बरं' माझ्या कानात होतं, म्हणून एकदा मी म्हटलंच, की ताई, तुम्ही जिंकलात, पण ती तिकडे हरल्यासारखी झालीय. त्या बराच वेळ एकाच रेघेवर खडू फिरवत राहिल्या.

रविवारी फोन आला. थोरल्यांनी स्पीकर लावला आणि टेबलावर ठेवला, कारण हातात कात्री होती. मी गुडघ्यावर बसून एका झग्याची खालची दुमड टाचत होते, तोंडात टाचण्या. जेवलीस का झालं. झोपलीस का झालं. सर्दीची पाळी आली आणि थोरल्यांनी कात्री खाली ठेवली.

"अगं," त्या म्हणाल्या, "एक विचारायचं होतं. ती हेल्प उघडते ना, पानं पानं येतात. त्यातून बाहेर कसं पडायचं?"

मी मान वर केली. लॅपटॉप मिटलेला, कपाटावर, त्याच्यावर अस्तराचा गठ्ठा. माझ्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून, नाहीतर मी नक्की बोलले असते. थोरल्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

पलीकडून पोरीचा आवाज आला, आणि तो कसा आला ते मला लिहून सांगता येणार नाही. तिने पहिल्यापासून सगळं समजावलं. दोन टिंबं म्हणजे काय, पट्टी कशासाठी, शोधायचं कसं, आणि क्यू. थोरल्या मधेमधे 'अच्छा' म्हणत होत्या, 'थांब, दाबते' म्हणत होत्या आणि रिकाम्या टेबलावर बोटाने खरोखर दाबतही होत्या.

"आई, म्हणजे इतके दिवस तू त्यात अडकूनच होतीस?" पोरगी म्हणाली. "मला विचारायचं ना."

"विचारतेय ना आता," थोरल्या म्हणाल्या.